सीतेच्या शोधाचं पहिलं पान

१

"बाई, पोथी गेली," एवढंच आत्माराम ठाकर म्हणाले आणि मॅग्डलीनबाईंच्या दारातच मटकन खाली बसले.

बाईंनी हातातला चहाचा कप तसाच त्यांच्या हातात दिला. नालासोपाऱ्यात, सोपारा गावाच्या अंगाला असलेल्या त्या इमारतीत लहानथोर सगळे मॅग्डलीनना नुसतं 'बाई' म्हणायचे. उभा जन्म त्यांनी चर्चच्या शाळेत पोरांना चित्रकला आणि हस्तकला शिकवली होती. इमारत जिथं उभी राहिली ती केळीची वाडीही एके काळी त्यांच्याच सासऱ्यांची. मागे एकदा चर्चमधला चांदीचा पेला नाहीसा झाला होता, तो बाईंनी बसल्या जागी विचार करून शोधून दिला. तेव्हापासून कुणाचं काही हरवलं की लोक चौकीआधी बाईंचं दार ठोठावायचे. बाई वरवर कुरकुरायच्या, पण त्यांना ते आवडायचं. उगाच खोटं कशाला बोला.

आत्माराम मूळचे कुडाळजवळच्या पिंगुळीचे. गिरणीत आयुष्य गेलं, गिरणी बंद झाली आणि लालबागची खोली विकून ते बायको-मुलासह इथं एका खोली-किचनमध्ये येऊन पडले. पण घराण्याचं काम चित्रकथीचं. रामायण-महाभारतातले प्रसंग हातानं रंगवलेल्या सुट्या कागदांची जुडी म्हणजे त्यांची पोथी. एकेक चित्र फळीला टेकवून उभं करायचं आणि टाळावर, वीणेवर गात त्याची कथा सांगायची. त्यांच्या पणजोबांनी काढलेली ही पोथी सीतेच्या शोधाची होती.

गावच्या देवीपुढं नवरात्रात पाचव्या माळेला ही कथा सांगायचा मान त्यांच्या घराण्याचा. एक वर्ष चुकलं की मान चुलत घराकडं जाणार, आणि गेलेला मान परत येत नाही. गिरणीच्या संपातसुद्धा आत्मारामनी ते वर्ष चुकवलं नव्हतं. आणि आता घटस्थापना तोंडावर आली होती.

"तुम्हाला तोंडपाठ असेल ना सगळं?" बाईंनी विचारलं.

"कथा माका पाठ हा. पण देवीपुढं चित्र लागतं, बाई. चित्र नाय तर मी नुसतो गाणारो म्हातारो," आत्माराम म्हणाले. बाईंनी पायांत चपला सरकवल्या.

२

ठाकरांच्या घरात पलंगाखाली पत्र्याची पेटी होती. कुलूप शाबूत, किल्ली देवाच्या तसबिरीमागं जिथल्या तिथं. पेटीतला टाळ होता, वीणा होती, धोतराची घडी होती. नव्हती ती फक्त पोथी आणि तिचं लाल फडकं.

बाईंनी चष्मा पुसला आणि पेटीत डोकं घातलं. तळाच्या वर्तमानपत्रावर दोन गोष्टी दिसल्या. एक म्हणजे पांढुरक्या खपल्या, वाळलेल्या खळीसारख्या. आणि जिथं पोथी असायची तिथं हळदकुंकू लागलेले थोडे तांदूळ.

खपल्यांबद्दल आत्मारामनी लगेच सांगितलं. पोथीचं एक पान म्हणजे पाठीला पाठ लावून चिकटवलेले दोन कागद, म्हणजे दोन्ही अंगांना चित्र. जुनी खळ सुटते, मग ताजी लावून पुन्हा चिकटवायचं, त्यात काही विशेष नाही. फाटलं तर मात्र गोष्ट वेगळी. फाटक्या पोथीची कथा करायची नाही, ती दहीभाताचा नैवेद्य दाखवून वाहत्या पाण्यात सोडायची. "पण आमच्या पोथीचं एक पान फाटलेलं नाय अजून," ते म्हणाले, आणि म्हणता म्हणता त्यांचा हात रिकाम्या पेटीवरून फिरला.

स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी त्यांची बायको जयवंती तांदूळ निवडत बसली होती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, ऑपरेशन दिवाळीनंतर ठरलेलं. खडा दिसत नाही म्हणून ती तांदूळ बोटांनी चाचपून निवडायची, आणि तिच्या बोटांतून खडा सुटायची टाप नव्हती. बाईंनी तिला विचारलं, कोण आलं-गेलं? तिनं मान खाली घालूनच सांगितलं की तो मुंबईचा परेश सोडला तर कुणी नाही.

परेशचं नाव निघताच आत्मारामचं तोंड कडू झालं. जुन्या वस्तूंचा व्यापारी तो. दोनदा येऊन पोथी मागून गेला होता आणि दुसऱ्या खेपेला आत्मारामनी त्याला जिन्यापर्यंत घालवून दिलं होतं.

तेवढ्यात दार वाजलं. दारात परेशच उभा होता.

३

चोर म्हणावा तर माणूस भलताच खुशीत होता. काखेत कागदाची लांब गुंडाळी, चेहऱ्यावर गोड हसू. पोथी गेल्याचं कळताच ते हसू असं मावळलं, की बाईंनी त्याला मनातल्या मनात तिथंच सोडून दिलं. पोरांची खोटी रडणी बघून बघून त्यांची नजर तयार झाली होती. याला पोथी हवी होती हे खरं, पण मिळालेली नव्हती हेही तितकंच खरं.

"मग आलात कशाला?" बाईंनी विचारलं.

"मला विघ्नेशनं बोलावलंय," परेश म्हणाला. "हा हातकागद त्यानंच मागवला. जुन्या चित्रांना असतो तसला जाड."

आत्मारामनी मान वर केली. विघ्नेश त्यांचा एकुलता एक मुलगा. अंधेरीला कुरिअरच्या ऑफिसात नोकरी, पस्तिशी गाठली तरी लग्न जमेना. पोथीशी त्याचा संबंध इतकाच, की लहानपणी बापानं हातात कुंचला दिला होता आणि थोड्याच दिवसांत काढून घेतला होता. "ह्याच्या हातात रेघ नाय," असं चारचौघांत म्हणाले होते. ते वाक्य घरात सगळ्यांना पाठ होतं, विघ्नेशला तर जास्तच.

आता बापाच्या मनात काय आलं ते त्यांच्या तोंडावर लिहिलेलं होतं. पोरानं पोथी व्यापाऱ्याला विकायला काढली. ते भिंतीकडं तोंड करून आडवे झाले. बाईंना वाटलं, ओरडले असते तर बरं झालं असतं.

परेशला वाटेला लावून बाई छत्री घेऊन निघाल्या. जाड कागद म्हटल्यावर त्यांना गावातला नेल्सन आठवला. त्याचं तसबिरी मढवायचं दुकान, आणि एके काळचा तो बाईंचा विद्यार्थी. वर्गात भलताच ओढाळ, पण बाईंसमोर अजूनही विडी विझवायचा.

नेल्सन म्हणाला, विघ्नेश येऊन गेला, पण चित्र-बित्र घेऊन नाही. एक मोठी काच घेऊन गेला. फ्रेम करून देऊ का विचारलं तर नको म्हणाला. "कडा तेवढ्या घासून दे, हात कापायला नको, असं बोलला. बिनफ्रेमची काच घेऊन कोण काय करतं, बाई?"

बाई हसल्या. शाळेत खिडकीच्या काचेवर नकाशे गिरवणाऱ्या पोरांचे त्यांनी किती कान उपटले होते, त्यात हा नेल्सन पहिला. कागद, काच आणि पेटीतल्या त्या खपल्या. चोरीचा अर्धा भाग त्यांना तिथंच उलगडला, आणि तो चोरीचा नव्हताच.

४

विघ्नेशला त्यांनी संध्याकाळी स्टेशनवरून येताना जिन्यातच धरलं.

"दिवा काचेखाली ठेवत होतास ना?" त्यांनी विचारलं.

त्यानं कपाळावरचा घाम पुसला. मग सगळंच बाहेर आलं. आई-बाबा संध्याकाळी भजनाला गेले की तो चित्रं गिरवायचा. काचेखाली बल्ब, काचेवर पान, त्यावर कोरा कागद. पण पानाच्या दोन्ही अंगांना चित्र, उजेड पडला की पाठचं पुढचं सगळं एकात एक दिसायचं. म्हणून त्यानं किटलीच्या वाफेवर पहिलं पान अलगद सोडवलं. खळ जुनी, दोन कागद सुटे झाले, कुठं ओरखडासुद्धा उठला नाही. त्यातलं गणपती-सरस्वतीचं चित्र त्यानं गिरवलं आणि शनिवारी दोन्ही कागद पोथीत ठेवून दिले. रविवारी ड्युटी होती, सोमवारी ताजी खळ करून चिकटवणार होता. सोमवारी पेटी उघडली तर पोथी नाही.

"मग बोललास का नाही?"

"काय बोलणार, बाई? चोरून करत होतो. बाबांना वाटलं असतं, मीच वाट लावली." तो पायरीवर बसला. "बाबांचा हात आता थरथरतो. पुढच्या वर्षी त्यांना नवी पोथी काढून दाखवायची होती. तोपर्यंत पहिलं सगळं गिरवून हात बसवायचा होता. परेशला कॉपी दिली असती, म्हणजे त्यानं बाबांचं डोकं खाणं बंद केलं असतं. एवढंच."

बाईंचा त्याच्यावर विश्वास बसला. त्याचं दुःख खरं होतं, आणि वेडेपणाही अगदी बापासारखा सरळ. पण मग पोथी नेली कुणी? कुलूप लावून, किल्ली जागेवर ठेवून, आणि जाताना तांदूळ वाहून? असले तांदूळ कोणता चोर ठेवतो?

रात्रभर बाईंना ते तांदूळ दिसत राहिले.

५

सकाळी लुसी आली. लुसी अर्नाळ्याची, डोक्यावर टोपली घेऊन इमारतीत दारोदार मासे विकायची आणि त्याच टोपलीतून साऱ्या गावाच्या बातम्या. त्या दिवशी तिची तक्रार होती ती ठाकरांच्या घराची. घटाच्या आधीचे हे दिवस ही मालवणी माणसं कधी कोरडे काढत नाहीत, असं तिचं म्हणणं.

"तुमच्या शेजारनीने रविवारपासून म्हावरं घेतलं नाय, बाय. विचारलं तर नको बोलते. कोन गेलं का घरातलं?"

बाईंच्या हातातली सुरमई तशीच राहिली. घरात कुणी गेल्यासारखं जयवंती पाळत होती. आणि एकदम त्यांना आठवलं. रविवारी सकाळी त्या चर्चमध्ये मिस्सेला निघत होत्या, तेव्हा जयवंती वाटी घेऊन आली होती. घरात विरजण लागलं नाही म्हणाली. बाईंनीच फ्रीजमधून तिला दही काढून दिलं होतं. शोध साऱ्या गावभर घेतला आणि सुगावा आपल्याच घरातून गेला होता. बाईंना स्वतःची लाज वाटली.

त्यांनी लुसीला एकच प्रश्न विचारला. आणि लुसीनं लुगड्याचा पदर खोचत सहज सांगून टाकलं.

"हां, रविवारी बघितली ना. आमच्या अर्नाळ्याच्या किल्ल्यासमोर, वैतरणेचं पानी जिथं दर्याला मिळतं तिथं. लाल गठडी उराशी धरून पान्यात उतरलेली. मला वाटलं देवाचं काय असंल. ओहोटी होती, लगेच गेलं ते आत."

"परत मिळेल काही?" बाईंनी विचारलं, उत्तर माहीत असून.

"ओहोटीचं गेलेलं कुटं मिलतं, बाय," लुसी म्हणाली आणि सुरमई कापायला बसली.

६

बाई ठाकरांच्या स्वयंपाकघरात गेल्या तेव्हा जयवंती पेज ढवळत होती. आत्माराम बाहेर पलंगावर, अजून भिंतीकडंच तोंड. विघ्नेश कामावर गेला नव्हता. बाईंनी दही किती आंबट होतं एवढंच विचारलं, तर जयवंतीनं पळी खाली ठेवली. चार दिवस ती कुणीतरी विचारायचीच वाट बघत होती.

रविवारी खूप दिवसांनी कडक ऊन पडलं होतं. नवरात्राआधी पोथीला ऊन दाखवायचं काम तिचं. घरात कुणी नव्हतं. एकेक पान बोटांनी चाचपत ती उन्हात मांडत होती, आणि पहिल्याच पानाला बोटं थबकली. गणपतीचं पान हाताला सलग आलं नाही, दोन भागांत आलं, आणि धास्तीनं कडा चाचपायला बोटं धजली नाहीत. जन्मात पहिल्यांदा पोथी फाटली होती, आणि फाटली ती गणपतीवर.

"माझ्या सासऱ्यांनी दुसऱ्या एका फाटक्या पोथीची कथा केल्यानी होती," जयवंती सांगू लागली. "सगळे नको म्हणत होते. त्याच साली गेले ते. ह्यांका मी सांगितलं असतं तर हे हसले असते, तशीच पोथी घेऊन गेले असते. ह्यांचो स्वभाव तुमका ठाऊक हा. मग मी कोणाकडे बघू?" तिनं पदरानं डोळे पुसले. "फाटक्या पोथीक जसं करतात तसं सगळं केलं, बाई. दहीभात ठेवला, तांदूळ वाहिले, विचारत विचारत एसटीन अर्नाळ्याक गेलंय. पाण्यात सोडताना नुसतं पोरकं वाटलं. पण माझो माणूस तरी राहिलो."

मागं दारात विघ्नेश उभा होता. त्याच्या हातात त्यानं गिरवलेल्या चित्राची गुंडाळी होती, आणि तो पांढराफटक पडला होता. ते पान फाटलं नव्हतं. नुसतं सुटलं होतं. चमचाभर खळीचं काम. डोळे धड असते तर जयवंतीला कडा सरळ दिसल्या असत्या. तो शनिवारीच बोलला असता तरी पुरलं असतं. बाईंना सगळं समजलं होतं, कोडं सुटलं होतं, आणि त्या सुटलेल्या कोड्याचा आता कुणालाही काडीचा उपयोग नव्हता. इतकं हतबल त्यांना आपल्या नवऱ्याच्या आजारपणात वाटलं होतं, त्यानंतर आजच.

जयवंतीनं अंदाजानं हात पुढं केला आणि बाईंचं मनगट धरलं. "तुम्ही शिकलेल्या. माका खरा सांगा, मी चुकलंय काय?"

"आई, ते पान—" विघ्नेशनं तोंड उघडलं.

"फाटलंच होतं," बाई म्हणाल्या. "मधोमध फाटलं होतं, जयवंती. विघ्नेशनं पण बघितलं होतं. तू केलंस ते बरोबर केलंस."

विघ्नेश बाईंकडं बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "हो आई. फाटलं होतं."

सगळ्या घराला मिळून एक खोली, त्यात कोणती गोष्ट लपते? पलंग करकरला आणि आत्माराम आत आले. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मुलाच्या हातातली गुंडाळी घेऊन त्यांनी उलगडली. गणपती होता, सरस्वती होती, मोराचा पिसारा होता, काळ्या रेघेनं घट्ट बांधलेलं. त्यांनी मोराच्या रेघेवरून बोट फिरवलं. नंतर कागद उजेडाकडं धरला आणि मुलाकडं पाहिलं. उजेडावर धरून गिरवायचं तर पान आधी सोडवावं लागतं, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. हा माणूस आता खरं बोलला तर त्याच्या बायकोला उरलेला जन्म रडायला पुरणार नाही, असं बाईंना वाटलं.

आत्माराम बायकोजवळ खाली बसले.

"बरा केलंस गो," ते म्हणाले. "फाटक्या पोथीची कथा करू नये." आणि मुलाकडं न बघता पुढं म्हणाले, "रेघ बरी आलीय."

जयवंती रडत रडत हसली. चार दिवसांत पहिल्यांदाच तिनं मोकळा श्वास घेतला. विघ्नेश मात्र भिंतीला टेकून उभा राहिला, जी गोष्ट ऐकायला तो तीस वर्षं थांबला होता ती ऐकून.

दुपारी तो एसटीडी बूथवर जाऊन गावी फोन करून आला. यंदाची पाचवी माळ चुलत काकांच्या घरानं करावी, एवढा निरोप. तिकडून कारण विचारलं, त्यानं बाबांची तब्येत बरी नाही असं सांगितलं. ते काही अगदी खोटं नव्हतं.

बाई संध्याकाळी पुन्हा डोकावल्या. आत्मारामनी फळी काढली होती आणि मुलानं काढलेलं ते एकच पान तिला टेकवून उभं केलं होतं. जयवंती हात जोडून बसली होती, विघ्नेशच्या हातात टाळ होता. आत्मारामनी गणपतीला नमन केलं, सरस्वतीला नमन केलं. थकलेला असला तरी आवाज सुरेल होता, आणि बाई उंबऱ्यावरच टेकल्या. नमन संपलं. पंचवटीत राम-सीता बसलेत, तिथून कथा सुरू व्हायची. आत्मारामचा उजवा हात सवयीनं पुढचं पान घ्यायला बाजूला गेला आणि चटईवर पडला. चटई चाचपत तो थोडा वेळ तिथंच फिरला.

मग त्यांनी हात मांडीवर घेतला, घसा साफ केला आणि पुन्हा गणपतीपासून सुरुवात केली.